अट क्रमांक अकरा

"तीन किलोला पन्नास ग्रॅम कमी," वहिनी म्हणाल्या.

त्यांच्या दोन्ही तळव्यांवर लाल कापडात बांधलेलं एक गाठोडं होतं. आत काय आहे ते आम्हाला माहीत नव्हतं. समोर तीन कॅमेरे, डोक्यावर तापलेले दिवे आणि मागच्या पायऱ्यांवर टाळ्या वाजवायला सकाळपासून बसवून ठेवलेली साठ-सत्तर माणसं.

"नक्की?" निवेदिकेनं विचारलं. "शंभर ग्रॅम इकडेतिकडे चालेल, पण उत्तर एकदाच. जाऊबाईंना विचारायचंय का?"

जाऊबाई म्हणजे मी. तेव्हा मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत वजन करणं हे माझं रोजचं काम, पण काटा नसेल तर मला पाव किलो शेंगदाणेही कळायचे नाहीत. वहिनींनी गाठोडं डाव्या हातावरून उजव्या हातावर घेतलं आणि म्हणाल्या, "तिला काय विचारायचं? हातात माझ्या आहे."

काट्यावर आकडा आला. दोन किलो नऊशे साठ.

ही गोष्ट दोन हजार सहा सालच्या जुलैची. 'जोडीनं जिंका' नावाचा तो कार्यक्रम होता आणि त्या आठवड्यात त्यांनी जावाजावांच्या जोड्या बोलावल्या होत्या. आमचं कऱ्हाडला तराजू आणि वजनं दुरुस्त करून देण्याचं दुकान. खाली दुकान आणि वहिनींचं बिऱ्हाड, वर माझं आणि उदयचं. वहिनी म्हणजे कुमुदवहिनी, उदयच्या थोरल्या भावाची बायको, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. वर्षातून एकदा आसपासचे दुकानदार सरकारी शिक्क्यासाठी वजनं घेऊन आमच्याकडे यायचे. आलेलं वजन काट्यावर टाकण्याआधी वहिनी ते हातात घेऊन बघायच्या. पंचवीस वर्षं बघत आल्या होत्या. पत्र मी पाठवलं होतं, पण जिंकला तो त्यांचा हात.

बक्षीस होतं अंदमानची सहल. दोघींसाठी, सहा दिवस, विमानासकट.

शेवटच्या खेळाआधी निवेदिकेनं विचारलं होतं, "जिंकलात तर तिथं जाऊन काय करणार?"

मी म्हणाले होते, प्रवाळ बघेन.

वहिनी म्हणाल्या होत्या, "पोहेन."

पायऱ्यांवरची माणसं हसली. निवेदिकाही हसली. "साडी नेसून?"

"साडीचं मी बघते. तुम्ही आधी पाणी तर दाखवा."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. सात वर्षं एका घरात राहत होते, त्यांना पोहता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

परतीच्या गाडीत त्यांनी सांगितलं. माहेर कोयनेकाठचं. लग्नाआधी नदी ओलांडून पलीकडे जायच्या आणि तशाच परत यायच्या. सासरीही नदी होती, दोन-दोन नद्या होत्या. "पण लग्न झाल्यावर सूनबाई म्हणून घाटावर गेले. ओटी घेऊन. मग राहिलंच." एवढं बोलून त्यांनी डब्यातली चटणी-पोळी काढली.

आमच्याकडून एक कागद सही करून घेतला होता. कार्यक्रम दाखवला जाईपर्यंत निकाल कोणालाही सांगायचा नाही, सांगितला तर बक्षीस रद्द. उदय आणि दादा, म्हणजे माझे थोरले दीर, दोघांनी खूप खोदून विचारलं. आम्ही सांगितलं नाही. दोन महिने ते गुपित आम्ही दोघींनी सांभाळलं. मला वाटतं, त्याआधी आम्ही जावा होतो, त्या दोन महिन्यांत मैत्रिणी झालो. मी पाणी भरायला खाली गेले की वहिनी भाजी परतता परतता हळूच काहीतरी विचारायच्या.

"नीरजा, समुद्राचं पाणी नदीपेक्षा जड असतं का गं?"

"असतं. मिठामुळं. लिटरमागं साधारण पंचवीस ग्रॅम जास्त."

त्यांनी झारा तसाच धरला आणि दुसरा तळवा वर करून त्यावर काहीतरी तोलल्यासारखं केलं. "म्हणजे ते माणसाला उचलून धरत असेल."

"थोडं जास्त उचलतं."

"बरं," त्या म्हणाल्या आणि झाकण ठेवलं.

सप्टेंबरात कार्यक्रम दाखवला. गल्लीतली निम्मी माणसं दुकानात जमली होती. गाठोडं दिसलं, काटा दिसला, दादांनी टाळी वाजवून "शाब्बास" म्हटलं. पण तो 'पोहेन' दिसला नाही. कापला होता. त्या जागी वहिनी नुसत्या हसताना दिसल्या आणि वर टाळ्या. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्या लोकांना चहा देत होत्या.

त्यामुळं ती गोष्ट घरात कोणालाच कळली नाही. माझ्याशिवाय.

दिवाळीच्या आधी पत्र आलं. सोबत इंग्रजीत बारीक छापलेल्या अटी, एकूण एकोणीस. रविवारी सकाळी दादांनी सगळ्यांना दुकानात बोलावलं. वहिनींची मुलगी ऋताही होती. तिचं लग्न ठरलं होतं, मार्गशीर्षातला मुहूर्त होता.

"वाच बाई," दादा म्हणाले. "तुझ्याशिवाय हे कोणाला कळायचं नाही."

मी वाचताना ओळीखाली स्टीलची पट्टी धरते. कॉलेजच्या प्रयोगवहीपासूनची सवय. एकेक अट वाचून मी मराठीत सांगत गेले. विमान फक्त चेन्नईपासून, चेन्नईपर्यंत आपल्या खर्चानं जायचं. एका खोलीत दोघी. फक्त सकाळची न्याहारी धरलेली, दोन वेळचं जेवण आपलं. मे महिना, दिवाळी आणि नाताळच्या आगेमागे पंधरा दिवस बंद. तारखा आपण तीन सुचवायच्या, त्यांतली कोणती द्यायची ते ते ठरवणार. वर्षाच्या आत गेलं नाही तर सहल गेली. बदली रोख मिळणार नाही.

"आणि सहलीच्या छापील किमतीवर कर," मी म्हणाले. "तीस टक्के, वर थोडा अधिभार. तो आपण आधी भरायचा. त्याचं चलन पाठवलं की मग ते व्हाउचर देणार."

दादा खुर्चीत सरळ झाले. "थांब. बक्षीस आपल्याला मिळालं, आणि पैसे आपणच द्यायचे?"

"बक्षीस वस्तूच्या रूपात असलं की तसंच असतं, दादा."

"मग हे बक्षीस कसलं? हा तर हप्ता झाला."

उदय हसला. ऋता वडिलांच्या खुर्चीमागं उभी होती. दादांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. माणूस मनानं चांगला. त्या क्षणी त्यांना जे सुचलं ते प्रेमानंच सुचलं.

"अरे, मग सोपं आहे की. कर मी भरतो. ऋता आणि जावई जाऊन येतील. लग्नानंतर त्यांना कुठंतरी पाठवायचंच आहे ना?"

"बाबा, खरंच?" ऋता म्हणाली. "पण आईचं बक्षीस आहे."

"आई तिथं जाऊन काय करणार? दोघी जावा समुद्राकडं बघत मेथी निवडणार. काय गं?"

वहिनी दारापाशी बसल्या होत्या. हातात एक दोनशे ग्रॅमचं पितळी वजन होतं, ते त्या पदरानं पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मला काय. पोरं गेली तर आनंदच आहे," म्हणाल्या.

त्या असंच म्हणणार हे मला माहीत होतं. ऋताच्या कॉलेजसाठी पाटल्या देताना असंच म्हणाल्या होत्या. आम्ही आल्यावर वरची हवेशीर खोली आम्हाला देताना असंच म्हणाल्या असणार.

"नाव बदलता येतं का, ते बघ त्याच्यात," दादा म्हणाले.

मी पट्टी खाली सरकवली. दहावी अट सामानाच्या वजनाची होती. अकराव्या अटीखाली पट्टी धरली आणि ती दोनदा वाचली.

"नाही," मी म्हणाले. "ज्या दोघींनी भाग घेतला त्यांनीच जायचं. दुसऱ्या कोणाच्या नावानं मिळत नाही."

"मुलीच्याही?"

"नाही."

दादांनी हात झटकले. ऋता म्हणाली, "जाऊ दे बाबा, आम्ही महाबळेश्वरला जाऊ. काकू, तुम्ही दोघी जाच." वहिनी वजन पुसत राहिल्या. ते केव्हाच चकचकीत झालं होतं.

"बघू पुढं," दादा म्हणाले. "लग्नाच्या गडबडीत एवढी रक्कम आत्ता काढायला नको. वर्ष आहे ना."

वर्ष आहे म्हणजे काय ते मला कळलं. मीही कागद घडी घालून कपाटात ठेवला.

पंधरा-वीस दिवस गेले. एका दुपारी मला सुट्टी होती. मी वर टेबलाशी हंगामाच्या नोंदवह्यांवर रेघा मारत बसले होते. जिन्यावर पावलं वाजली आणि वहिनी दारात आल्या. त्या सहसा वर यायच्या नाहीत, मलाच खाली हाक मारायच्या. उजवा हात पदराखाली होता.

"काम करतीयेस?"

"झालंच. या ना, बसा."

त्या बसल्या नाहीत. माझ्या वहीकडं, पट्टीकडं, मग माझ्याकडं पाहत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तिथं लाटा मोठ्या असतात का गं?"

"फेब्रुवारीत नसतात. मी पुस्तकात बघितलंय. तेव्हा समुद्र शांत असतो."

"फेब्रुवारीत," त्या म्हणाल्या. आणि तशाच खाली गेल्या. मला वाटलं, काहीतरी मागायला आल्या होत्या आणि संकोचल्या. साखर असेल किंवा विरजण.

त्या संध्याकाळी आम्ही खालीच जेवायला होतो, तेव्हा वहिनींनी दादांना सांगितलं, "माझा भिशीचा नंबर लागलाय. माझ्या वाटचा कर मी भरते. नीरजा तिचा भरेल. फेब्रुवारीत जाऊन येतो."

दादांचा घास हातातच राहिला. "अगं, लग्नात लागले असते ते पैसे."

"लग्नाचे वेगळे ठेवलेत. हे माझे आहेत."

सात वर्षांत मी त्यांच्या तोंडून 'हे माझे' हे शब्द ऐकले नव्हते. दादांनीही ऐकले नसावेत. त्यांनी आमटी वाढून घेतली.

फेब्रुवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. माझे साहेब, जगदाळे, रजेचा अर्ज वाचून म्हणाले, "कारखाना रात्रंदिवस चाललाय आणि तुम्ही सहलीला?" मी म्हणाले, "जावेबरोबर जातेय, सर." त्यांना ते कारण इतकं अनपेक्षित वाटलं की त्यांनी सही केली.

पुण्याहून चेन्नईपर्यंत एक रात्र एक दिवस रेल्वे, मग विमान, मग बोट. हॅवलॉक बेटावरच्या हॉटेलात आमचं दार उघडलं तर पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम काढलेला, त्यात टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसलेले. सहल नवविवाहितांची होती, हे एकोणीस अटींत कुठंच लिहिलेलं नव्हतं. सामान घेऊन आलेला पोरगा आमच्याकडं आणि पलंगाकडं आळीपाळीनं बघत होता.

"हे आपल्यासाठी?" वहिनी म्हणाल्या.

"आपल्यासाठीच. आपली जोडी आहे ना."

त्या इतक्या हसल्या की पिशवी खाली ठेवून भिंतीला टेकल्या. मग त्यांनी दोन्ही हंस उलगडले, झटकले आणि म्हणाल्या, "चला, टॉवेल तरी कोरडे आहेत."

पिशवीच्या तळाशी ऋताचा जुना पंजाबी ड्रेस होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. कऱ्हाडात त्यांनी तो कधी घातला नसता. ओढणी त्यांनी कमरेला घट्ट बांधली, केसांचा अंबाडा उलटा वळून पुन्हा बांधला आणि किनाऱ्यावर मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. "सांभाळ."

सकाळचे आठ वाजले असतील. पाणी हिरवं आणि इतकं स्वच्छ की गुडघ्याएवढ्या खोलीतही त्यांची पावलं वाळूवर स्पष्ट दिसत होती. त्या कमरेपर्यंत गेल्या आणि थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मला पोहता येत नाही. अठ्ठावीस वर्षांत शरीर विसरत असेल का, याचा मी पहिल्यांदाच विचार केला. इथं आणलं ते मी.

मग त्या पाण्यावर पुढं झुकल्या आणि गेल्या.

कुठंही घाई नव्हती. एक हात, मग दुसरा, मान एकाच बाजूला वळायची. किनाऱ्याला समांतर त्या दूरच्या खडकापर्यंत गेल्या आणि परत आल्या, माझ्यासमोर आल्यावर पाठीवर उलट्या झाल्या आणि हात पसरून तशाच राहिल्या. हळूहळू पाण्यानं त्यांना थोडं डावीकडं नेलं. त्यांनी डोळे मिटले होते.

"खरंच उचलतो गं," त्या तिथूनच म्हणाल्या.

पुढचे दोन्ही दिवस त्या सकाळ-संध्याकाळ पाण्यात होत्या. मी प्रवाळ पाहिलं. काचेच्या तळाच्या होडीचे पैसे वेगळे पडले.

परत आल्यावर वहिनी पुन्हा साडीत, पुन्हा दुकानात. पोहण्याचं घरात कोणाला सांगितलं नाही. मीही नाही. दादांनी विचारलं, काय केलंत, तर म्हणाल्या, "मेथी निवडली."

मागच्या वर्षी दुकान बंद केलं. सगळीकडं इलेक्ट्रॉनिक काटे आले, दादाही थकले आहेत. पितळी वजनांची पेटी रिकामी करायला मी आणि वहिनी बसलो होतो. वहिनी आता पासष्टीच्या आहेत, गुडघे दुखतात म्हणून स्टुलावर बसून मला एकेक वजन देत होत्या. पेटीच्या तळाशी, मखमलीच्या खाली, चार घड्या घातलेला एक कागद होता. मी तो उलगडला.

वरती त्या कार्यक्रमाचं बोधचिन्ह होतं. खाली इंग्रजी मथळा. अट क्रमांक अकरानुसार सहल कुटुंबातील सदस्यांच्या नावे करण्याबाबतचा अर्ज. विजेत्यांना तसं एकदा करता येईल, प्रसारणापासून साठ दिवसांच्या आत. ऋताचं नाव, जावयाचं नाव, दोन्ही मोठ्या कॅपिटल अक्षरांत, वहिनींच्या हातचं. तळाशी सहीच्या दोन जागा. पहिल्या जागेवर वहिनींची सही. दुसरी जागा कोरी.

मी तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. आयुष्यात मी एकही नोंद बदललेली नाही. साहेबांनी सांगितलं तेव्हाही नाही. फक्त त्या रविवारी दुकानात, सगळ्यांसमोर, पट्टी ओळीखाली धरून, जे छापलं होतं त्याच्या उलट मी वाचलं होतं. अठरा वर्षं मला वाटत आलं होतं की ते फक्त मला माहीत आहे.

"हा कुठून आला, वहिनी?"

"पोस्टानं. फोन केला होता मी त्यांना. हे शिक्क्यासाठी कचेरीत गेले होते तेव्हा." त्यांनी पन्नास ग्रॅमचं वजन माझ्या हातात ठेवलं. "विचारलं, मुलीला देता येईल का काही करून. ती पोरगी म्हणाली, येईल की बाई, अर्ज पाठवते."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं."

"मला त्या रविवारीच शंका आली होती. तुझा आवाज थोडा कमी भरला." त्या हसल्या. "फोन नुसता खात्रीला."

"मग त्या दुपारी वर आलात ते..."

"सही घ्यायला. पदराखाली हाच होता. पण मागितली असती तर तू खोटी ठरली असतीस. यांच्यासमोर, पोरीसमोर. तू कधी खोटं बोलत नाहीस म्हणून सगळं घर तुझ्याकडून कागद वाचून घेतं."

"म्हणून नाही मागितलीत?"

वहिनींनी पुढचं वजन उचललं, डोळ्यांजवळ नेऊन त्यावरचा शिक्का पाहिला. ते माझ्याकडं दिलं नाही. तळव्यावर तसंच ठेवलं.

"ऋताला कधी कळलं असतं तर मी तसंच सांगितलं असतं. काकू माझ्यासाठी खोटं बोलली म्हणून मी तिची अब्रू राखली, असं. चांगलं वाटलं असतं तिला ऐकायला." त्यांनी मान हलवली. "पण तू मला लाटांचं सांगितलंस ना, फेब्रुवारीत नसतात म्हणून. जिन्यावरनं खाली येईस्तोवर मी ठरवून टाकलं होतं. मला पोहायचं होतं, नीरजा. बस, एवढंच."

आतून दादांनी विचारलं, किती राहिलीत अजून. वहिनी म्हणाल्या, येतोय. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, जुन्याच घड्यांवर दुमडला आणि पेटी भंगारात द्यायची होती म्हणून पोलक्यात खोचला.